पंखा बंद होता ती एकोणचाळीस मिनिटं

अकोल्यात मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता कोणी आपणहून पंखा बंद करत नाही. बाहेर सेहेचाळीस अंश, भिंती तापलेल्या, नळाचं पाणी हात पोळणारं. भांडणात माणूस जेवणाचं ताट सरकवील, अबोला धरील, पण पंख्याचं बटण दाबायची कोणाची छाती होत नाही. म्हणूनच गृ-४११७ या फाइलीला लाल खूण लागली होती. 'मे महिना, दुपारी २.५२ ते ३.३१ पंखा बंद. बाहेरचे तापमान ४६.२. घरात अंथरुणाला खिळलेली वृद्ध स्त्री. मृत्यू त्याच दुपारी. पंखा बंद करून उष्माघाताने मृत्यू घडवल्याचा संशय. वाचन करावे.'

कुमुद तायडेनं ते वाचलं, चहाचा शेवटचा घोट घेतला आणि हेडफोन कानावर चढवला. तिची सासूही दोन वर्षांपूर्वी मे महिन्यातच गेली होती. पण वऱ्हाडातली म्हातारी माणसं मे महिन्यातच जातात, त्यात नवल ते काय?

कुमुदचं काम म्हणजे पंखे ऐकणं. हसू नका. पाच-सात वर्षांपूर्वी वीज वाचवायची म्हणून घरोघरचे जुने पंखे काढून नवे, चिप बसवलेले पंखे लावले गेले, ते आठवत असेल तुम्हाला. ही चिप सेकंदाला हजारो वेळा पात्यांचा वेग तपासते. कोणी खोलीत बोललं की आवाजाची लाट हवेतून पात्यांवर आदळते. अगदी नखभर धक्का. पण त्यानं पातं किंचित अडखळतं आणि चिप तितकीच किंचित जास्त वीज ओढून घेते. हा चढउतार तारेतून थेट दारामागच्या स्मार्ट मीटरमध्ये जातो. वीजचोरी पकडायला म्हणून मीटर सगळ्या चढउतारांची नोंद पाच वर्षं सांभाळून ठेवतो. म्हणजे झालं काय, तर छताला टांगलेली तीन पाती हा झाला कानाचा पडदा आणि मीटर झाली त्याची वही. ती वही वाचणारं यंत्र तेवढं बाकी होतं, तेही गेल्या वर्षी आलं. सरकारी कागदावर त्याचं नाव 'वातध्वनी'. ध्वनिपुरावा केंद्रातली माणसं मात्र त्याला बहिरोबा म्हणायची.

बहिरोबा आल्याची बातमी फुटली आणि गावाची बोलतीच बंद झाली. नवरा-बायको गच्चीवर जाऊन भांडायला लागले. लग्न जमवायच्या बैठका अंगणात, लिंबाखाली व्हायला लागल्या. काही शहाण्यांनी पंखा बंद करून बोलायचा प्रयत्न केला, तर पोलिसांच्या नोटिसा यायला लागल्या: अमुक तारखेला सात मिनिटं पंखा बंद का होता? लावावा तर ऐकतो, बंद करावा तर विचारतो! एकीकडे आड, दुसरीकडे विहीर. त्यातच गेल्या महिन्यात घरमृत्यू पडताळणी सुरू झाली. मागच्या पाच वर्षांत घरात झालेला प्रत्येक मृत्यू बहिरोबा आपणहून चाळायचा. तक्रारदार लागत नव्हता.

तपास निष्पक्ष राहावा म्हणून फाइलीत नाव, गाव, तारीख काही नसायचं. माणसांचे आवाजसुद्धा बदललेले. सगळे पुरुष एका साच्यातले, सगळ्या बायका एका साच्यातल्या. कोणी नाव घेतलं की तिथं 'पीप'. आणि नियमपुस्तिकेतला पहिला नियम, जो नव्या माणसांना कुमुदच शिकवायची: घर ओळखीचं वाटलं की हात वर करायचा, लाल चिठ्ठी लावायची आणि खुर्चीवरून उठायचं.

नोंद दोनला पाच मिनिटं कमी असताना सुरू झाली. पात्यांची घरघर आणि मधली रिकामी मिनिटं बहिरोबानं गाळून टाकलेली. भांडं ठेवल्याचा आवाज, खाटेची करकर. मग भिंतीवरच्या घड्याळानं दोनाचे ठोके दिले.

म्हणजे एकच ठोका दिला. दुसऱ्या ठोक्याच्या जागी नुसतं 'खट्' झालं.

कुमुदची बोटं कळफलकावर तशीच राहिली. दर तासाला एक ठोका गिळणारं घड्याळ तिच्या माहितीत एकच होतं. सासरे गेल्यापासून ते तसंच होतं आणि सासूबाई, अनुसयाबाई, ते दुरुस्त करू द्यायच्या नाहीत.

"असतील बाप्पा दुसऱ्याही घरी," ती मनाशी म्हणाली. हात वर केला नाही.

स्त्रीचा आवाज आला, पण इतका क्षीण, की बहिरोबानं पडद्यावर नुसतं 'अस्पष्ट' लिहिलं. पुरुष म्हणाला, "आत्ता?" पुन्हा अस्पष्ट. पुरुष म्हणाला, "बरं." पावलं वाजली, दोन बावन्न झाले आणि नोंद सपाट झाली. तीन एकतीसला पंखा पुन्हा फिरला. पुरुष फोनवर बोलत होता. "पीप, ऐकतेस ना? आई गेली. झोपेतच गेली. तू हळू ये, घाई करू नको गाडीवर."

हे वाक्य कुमुदनं आधी ऐकलं होतं. दोन वर्षांपूर्वी, याच इमारतीच्या जिन्यात, फोन कानाला लावून. त्या 'पीप'च्या जागी तिचं नाव होतं.

समोरची भिंत, खिडकी, शेजारच्या टेबलावरचा माणूस सगळं होतं तसंच होतं आणि तिला मात्र धड श्वास घेता येईना. मुरलीधर! जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवणारा, मुंगीला चुकवून पाय टाकणारा तिचा नवरा. शाळेला सुट्टी होती, म्हणून तोच घरी आईपाशी बसायचा. त्यानं पंखा बंद केला? हाडांचा कॅन्सर झालेल्या, कुशीवर वळता न येणाऱ्या आईचा पंखा, त्या उन्हात?

आता तरी उठायला हवं होतं. लाल चिठ्ठी समोरच्याच खणात होती. पण तुम्हीच सांगा, आपल्या घराचं दार किलकिलं दिसलं आणि आत काय चाललंय ते कळेना, तर कोणाचा पाय निघेल? कुमुदनं नोंद पुन्हा सुरुवातीला नेली. पुन्हा ऐकली. पुन्हा. जेवणाची सुट्टी झाली, डबा उघडला नाही.

आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दिवा!

माणूस गेलं की त्याच्या डोक्याशी दिवा लावतात. आणि दिवा लावायचा तर पंखा बंद करावाच लागतो, नाहीतर ज्योत टिकेल कशी? सासूबाई दोन बावन्नच्या आधीच गेल्या होत्या. त्यानं पंखा बंद केला, दिवा लावला, आईपाशी अर्धा-पाऊण तास एकटाच बसला आणि मग तिला फोन केला. एवढंच! हे कोणत्याही मराठी माणसाला सांगितलं तर तो मान डोलावील. तिला रडूच फुटलं. पदरानं डोळे पुसत ती हसलीसुद्धा.

इथंच थांबली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण कुमुद पडली हाडाची तपासनीस. तिला खात्री हवी होती.

रिमोटनं पंखा बंद केला की तो लगेच थांबत नाही. अर्धा मिनिट तरी पाती नुसत्या वेगानं फिरत राहतात. रिमोटनं बंद केल्यावर मीटरशी जोडलेली तार तुटत नाही, आणि फिरत्या पात्यांची लोहचुंबकं उलट थोडीशी वीज तारेत सोडत राहतात. सगळ्यांनी तो भाग कचरा म्हणून सोडून दिला होता. कुमुदनं मागच्या हिवाळ्यात दाखवून दिलं, की मोटार बंद असल्यामुळे त्या अर्ध्या मिनिटात ऐकू येतं ते सगळ्यात स्वच्छ असतं. कुजबुजही पकडता येते. केंद्रात त्याला 'शेपूट' म्हणायला लागले आणि तिचा सत्कारही झाला, शाल-श्रीफळासकट. शेपूट अजून नियमात आलं नव्हतं. वाचायचं की नाही हे तपासनिसावर होतं. त्याला आवाज बदलणारा मुखवटाही अजून बसवला नव्हता.

म्हाताऱ्या बाईचा आवाज त्यात नसणार, हे एकदा कानानं ऐकलं की झालं, असं म्हणून तिनं शेपूट उघडलं.

एकतीस सेकंद. पाय घासत कोणी आलं. काडेपेटी वाजली. एक काडी विझली, दुसरी पेटली. आणि त्या सगळ्याच्या खाली, संथ, शिट्टीसारखा बारीक आवाज करत येणारा-जाणारा श्वास. सासूबाईंचा श्वास. तो तिनं सहा महिने उशाशी बसून ऐकला होता. त्यात चूक होणं शक्य नव्हतं.

त्या जिवंत होत्या. जिवंत आईच्या डोक्याशी त्यानं दिवा लावला होता.

तिनं घाईघाईनं फाइल मिटली. मिटून काय उपयोग? बहिरोबा प्रत्येक वाचनाची मोजदाद ठेवतो आणि वाचलेल्या तुकड्यावर अंकांचा शिक्का मारतो. त्यातला कणभर भाग जरी कोणी बदलला तरी शिक्का जुळत नाही. शेपूट आता पुरावा झालं होतं. शुक्रवारी केंद्रप्रमुख डॉ. पाठक आठवड्याच्या नोंदी तपासणार होत्या. आज बुधवार होता.

घरी मुरलीधरनं विचारलं, "काय गं, बरं नाही का?" तिनं वर पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ऊन लागलं असेल." त्यानं कांदा फोडून आणून दिला. त्याच्या हातांकडे ती बघत राहिली. वीस वर्षं ज्या हातांनी तिच्या बांगड्या, औषधं, भाजीच्या पिशव्या सांभाळल्या, त्या हातांची तिला भीती वाटली आणि मग स्वतःची लाज वाटली. पण भीती काही गेली नाही.

गुरुवारी सकाळी सहाला ती त्याला फिरायला म्हणून मोर्णेच्या पुलावर घेऊन गेली. फोन दोघांचे घरी. खाली पाणी कमी आणि जलपर्णीच जास्त. तिनं सगळं सांगितलं. फाइल, घड्याळ, दिवा, शेपूट. सांगताना ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती.

मुरलीधर कठड्याला टेकला. मग म्हणाला, "आईनंच लावायला सांगितला."

"जिवंतपणी?"

"हो. म्हणाली, 'मी मेल्यावर लावशीन, मंग मले काय दिसते रे? आत्ताच लाव. मले पाहू दे माहा दिवा.' आता आईला नाही म्हणू?" त्याचा आवाज चिरकला. "ज्योत राहणार नाही म्हणून पंखा बंद केला. ती बघत होती गं, कुमुद. सहा महिन्यांत पहिल्यांदा कण्हली नाही. मी दोनदा विचारलं, लावू का पंखा? तिनं मान हलवली. मग मी नाही लावला."

"आणि फोनवर मला म्हणालात झोपेत गेल्या?"

"मग काय सांगू फोनवर? दिवा बघता बघता गेली म्हणून?"

"एकोणचाळीस मिनिटं. तुम्हाला तरी घाम आला असेल ना? जीव कासावीस झाला असेल. तेव्हा नाही वाटलं, की यानं त्यांना..."

तो वळला. "काय विचारायचंय तुला? मी मारलं का, हे?"

तिनं नजर खालच्या जलपर्णीकडे वळवली.

"मला नाही माहीत," तो म्हणाला. "उन्हानं गेली, की आजारानं गेली, की जायचंच ठरवलं होतं तिनं, मला नाही माहीत. दोन वर्षं झाली, रोज विचारतो मी स्वतःला. तू तपासनीस आहेस, तुला कळलं तर मलाही सांग." मग म्हणाला, "जे आहे ते लिही. खरं लिहायला भ्यायचं कशाला?"

गणिताचा मास्तर! त्याला वाटायचं, पायऱ्या बरोबर लिहिल्या की उत्तर बरोबरच येतं.

कुमुदनं त्याच दिवशी लाल चिठ्ठी लावली आणि सोबत दोन पानांचं निवेदन जोडलं. घर माझं आहे, पंखा दिव्यासाठी बंद केला होता, दिवा मयत बाईंच्या इच्छेनं लावला होता. डॉ. पाठकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. त्या पुण्याहून आलेल्या, कडक पण मनानं वाईट नव्हत्या.

"घड्याळावरून घर ओळखलंत ते पहिल्याच वाचनात?"

"हो मॅडम."

"त्यानंतर किती वेळा ऐकलंत?"

कुमुदला आकडा माहीत नव्हता. पडद्यावर होता. एकतीस.

पाठकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कुमुदताई, मी तुम्हाला एक सांगू? ही फाइल माझ्याकडे आली असती, तर मीही दिवाच म्हटलं असतं. आपल्याकडे माणूस गेल्यावर पंखा बंद करतात, हे मला ठाऊक नाही का? मी लिहिलं असतं, मृत्यू दोन बावन्नपूर्वी, संशय निराधार. पाच मिनिटांत बंद झाली असती. शेपूट मी मागवलंच नसतं."

कुमुदनं पडद्यावरच्या त्या आकड्याकडे पाहिलं.

"आता ते आहे, त्यावर शिक्का आहे आणि त्यात श्वास आहे. मला ते पुढं पाठवावंच लागेल. आणि तुमचं निवेदन..." त्यांनी ती दोन पानं तिच्याकडे सरकवली. "हे तुम्हाला मिस्टरांनी सांगितलं. चिठ्ठी लावण्याच्या आधी. याला कोणी पुरावा म्हणणार नाही, पढवणं म्हणतील."

तसंच झालं. निरीक्षक बोदडे घरी आले, चांगले अदबीनं बसले, पाणी प्यायले. मुरलीधरनं त्यांना आईचा दिवा सांगितला, अगदी पहिल्या काडीपासून. बोदडेंनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, ही हकीकत तुम्ही मॅडमना कुठं सांगितली?"

"मोर्णेच्या पुलावर."

"घरी का नाही?"

मुरलीधर सरळ माणूस. तो म्हणाला, "पुलावर पंखा नाही ना."

बोदडेंनी तेवढं मात्र शब्दनशब्द लिहून घेतलं.

अटक झाली नाही. न्यायालयानं अटकपूर्व जामीन दिला, पण अट घातली: घरात माणूस असेल तोवर बैठकीतला पंखा बंद करायचा नाही, आणि दोघांनी एकमेकांशी घराबाहेर प्रकरणाबद्दल बोलायचं नाही. नोंद रोज केंद्रात जाईल. कोण वाचणार, हे अर्थातच कुमुदला कळणार नव्हतं; तिला रजेवर पाठवलं होतं. निकालाला सहा महिने लागतील, कदाचित सहा वर्षं लागतील, वकील म्हणाले. खरं काय ते ठरवायला त्यांच्याकडे एकतीस सेकंद होते. उरलेल्या साडेअडतीस मिनिटांचा साक्षीदार मुरलीधर एकटाच, आणि त्याचं कोणी ऐकणार नव्हतं.

पहिला दिवस दोघं बोललेच नाहीत. बोलायचं काय? "मीठ दे" म्हणायचीही चोरी. दुसऱ्या दिवशी कुमुदला स्वयंपाकघरातून त्याचा आवाज ऐकू आला. फोनवर असेल म्हणून ती बाहेर डोकावली. तो सोफ्यावर ताठ बसून, वर बघून बोलत होता. "आज शनिवार. मी, मुरलीधर तायडे, वर्तमानपत्र वाचतो आहे. माझी बायको आत भाजी चिरते आहे. आमच्यात भांडण नाही."

तिला वाटलं, चेष्टा करतोय. ती हसली. तो हसला नाही.

मग तसंच सुरू झालं. उठताना, बसताना, पाणी पिताना तो वर बघून सांगायचा. वर्गात फळ्यावर पायरी पायरीनं उदाहरण सोडवावं, तसा. रविवारी दुपारी ती ताटं घेऊन आली, तेव्हा तो म्हणत होता, "कारल्याची भाजी आहे. मी नेहमीसारखाच जेवतो आहे. मी घाबरलेलो नाही."

"अहो, माझ्याकडे बघून बोला ना," ती काकुळतीनं म्हणाली.

"बोलतोय की," तो म्हणाला. नजर वरच.

कपाळावरच्या घामाचा एक ओघळ त्याच्या कानामागून खाली आला आणि त्यानं तो पुसलाही नाही. वीस वर्षांचा संसार, त्याची ही दशा! आणि हे कोणी केलं? शत्रूनं नाही केलं. तिच्याच हुशारीनं केलं. तिनं ताट खाली ठेवलं, त्याच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली,

"माझा तुमच्यावर विश्वास आहे. तुम्ही आईंना मारलेलं नाही. मला याची पूर्ण खात्री आहे."

वाक्य चांगलं झालं. एकही शब्द गिळला गेला नव्हता. नव्या माणसांना ती शिकवायची तसं, पात्यांच्या बरोबर खाली उभं राहून, हनुवटी जरा वर करून, सावकाश.

मुरलीधरनं मान खाली आणली. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"हे मला सांगितलंस कुमुद," त्यानं विचारलं, "की त्याला?"

तुम्हालाच, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. आणि म्हणण्याआधी, ते नोंदीत कसं ऐकू येईल, याचा विचार केला.